साडेपाच तास मागे

विवाह नोंदणी कार्यालयातल्या मॅडमनी घटस्फोटाची डिक्री पुढून वाचली, सही-शिक्का बघितला, मग सवयीनं कागद उलटा केला आणि मागं बोट ठेवून विचारलं, "हे काय लिहिलंय?"

पेन्सिलीनं, बारीक, एकदम सुबक अक्षरात होतं: ०५४२ यूटीसी. ५९. क्यूएसबी.

मी म्हटलं, "वेळ आहे मॅडम. कोर्टाची ऑर्डर झाली तेव्हाची."

"पावणेसहाला? कोर्ट उघडतं होय एवढ्या लवकर?"

"ग्रीनिचची वेळ आहे. आपले साडेपाच तास मिळवायचे. अकरा वाजून बारा मिनिटं होतात."

मॅडमनी माझ्याकडं बघितलं, माझ्या शेजारी फाईल मांडीवर धरून बसलेल्या माणसाकडं बघितलं, आणि झेरॉक्स फक्त पुढच्या बाजूची द्या म्हणाल्या. संपला विषय. शेजारचा माणूस म्हणजे ज्यांच्याशी मी आता लग्न करतेय ते, पाटबंधारे खात्यात आहेत, मिरजेचे, बायको जाऊन सात वर्षं झाली. आमच्या घरात त्यांचं नाव मिरजवाले असंच पडलंय, मुलानं पाडलं. ती पेन्सिल ज्याची आहे तो माझा पहिला नवरा. माझी डिक्रीची कॉपी मी इतकी जपून ठेवलेली की कुठं ठेवली तेच सापडेना, नव्यानं नकलेचा अर्ज करायचा म्हणजे परत कोर्टात खेटे, म्हणून त्याला फोन केला तर अर्ध्या तासात एम-८० वर घेऊन हजर. कुठं ठेवली होतीस रे, म्हटलं, तर म्हणाला क्यूएसएल कार्डांच्या अल्बममध्ये, २०१८ च्या.

आता क्यूएसएल काय ते सांगायचं तर पहिल्यापासनं सांगायला लागेल.

२००५ मध्ये मला बघायला आला तेव्हा सांगलीत महापूर येऊन गेलेला, आमच्या घरातला रेडिओ भिजून मेलेला, माळ्यावर टाकलेला. कांदेपोहे होईपर्यंत वडील काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाले की आमचा जुना व्हॉल्व्हचा सेट गेला हो पाण्यात. झालं. हा उठला, माळ्यावरनं तो खोका खाली घेतला, आईकडनं जुनी साडी आणि स्क्रू ड्रायव्हर मागून घेतला, आणि त्याची आई माझ्या आईशी देण्याघेण्याचं बोलत होती तेवढ्या वेळात हा जमिनीवर मांडी घालून ईसीएच ८१ काय आणि ईएल ८४ काय असे व्हॉल्व्हचे नंबर पुटपुटत बसला. मला एकच प्रश्न विचारला, तोपण वर न बघता. "टॉर्च धरता का जरा?" त्या दिवशी रेडिओ काही चालू झाला नाही, त्याला कपॅसिटर बदलायला लागणार होते, पण पुढच्या रविवारी तो एकटाच आला, कपॅसिटर खिशात घेऊन, आणि सेट लावला. व्हॉल्व्ह तापायला अर्धा मिनिट लागतं, तेवढा वेळ घरातले सगळे गप्प उभे, मग सेटवरचा तो स्टेशन जुळवायचा हिरवा डोळा उजळला आणि १२५१ किलोहर्ट्झवर आकाशवाणीचं सांगली केंद्र लागलं. माझा भाऊ तेव्हा दहावीत होता, तो त्या क्षणी जो ह्याचा झाला तो आजपर्यंत ह्याचाच आहे. मीपण तेव्हाच झाले, खोटं कशाला बोलू.

हा हॅम आहे. हौशी रेडिओवाला. सरकारची रीतसर परीक्षा असते, लायसन मिळतं, व्हीयू नं सुरू होणारं कॉल साईन मिळतं, आणि मग घरी बसून जगातल्या तसल्याच माणसांशी रेडिओवर बोलायचं. बोलणं झालं की पुरावा म्हणून एकमेकांना पोस्टानं कार्ड पाठवायचं, ते क्यूएसएल. समोरच्याचा आवाज जोरात आणि स्वच्छ आला तर ५९ लिहायचं, आणि मधेमधे विरत गेला तर क्यूएसबी. २००४ ची त्सुनामी आली तेव्हा अंदमानात आधीच गेलेल्या हॅम लोकांनी संपर्क कसा चालू ठेवला ते तो कुणालाही सांगतो, लग्नाआधी माझ्या वडलांना सांगितलं, नंतर मुलाच्या बारशाला आलेल्या लोकांना सांगितलं, आणि कोर्टात वकिलांना सांगायला लागला तेव्हा मी त्याचा पाय दाबला.

आमचं घर गावभागात, जुन्या वाड्याचा खालचा मजला आणि वर माळा. माळ्यापासनं शेजाऱ्यांच्या नारळापर्यंत वीस मीटर तांब्याची तार. ही अँटेना. मला नवीन नवरीला काय माहीत, मी पहिल्याच आठवड्यात गच्चीवरनं हात पोचतो त्या टोकाला माझी ओली नऊवारी, म्हणजे पूजेची नेसलेली, व्यवस्थित वाळत घातली. आतून ओरडला, "एसडब्ल्यूआर वाढलाय!" मला वाटलं सासूबाईंना काहीतरी झालं. धावत आत गेले. तर साडीनं अँटेनाचं माप बिघडलं होतं.

आणि स्वयंपाकघरातलं घड्याळ. हॅम लोक सगळ्या नोंदी ग्रीनिच वेळेत ठेवतात, जगभर एकच वेळ लागावी म्हणून, ते बरोबरच आहे. पण ह्याला आपल्या वेळेची गरजच वाटेना. भिंतीवरचं एकुलतं एक घड्याळ साडेपाच तास मागे. सकाळी साडेसहाला मी दूध तापवताना भिंतीवर एक वाजलेला असायचा. आत्यांनी (सासूबाईंना मी आत्या म्हणते, अजूनही) दोनदा बीपीची गोळी घ्यायची सोडली घड्याळ बघून. दुसरं घड्याळ आणलं तर तो म्हणाला घरात दोन वेळा असल्या की गोंधळ होतो. हे तो सरळ चेहऱ्यानं म्हणाला! मुलगा तर त्यातच वाढला. दुसरीत घड्याळाचा धडा होता, बाईंनी विचारलं किती वाजले, ह्यानं वर्गातल्या भिंतीवरच्या घड्याळात साडेपाच मिळवून सांगितलं. डायरीत शेरा आला. मी रडले, हा हसला, आणि रात्री मुलाला मांडीवर घेऊन पृथ्वीचा गोल म्हणून मोसंबं घेतलं आणि त्याला टाईम झोन समजावले, इतके सुंदर समजावले की मीपण तव्यावरची भाकरी करपेपर्यंत ऐकत उभी राहिले.

सगळं असंच होतं. पहाटे साडेतीनला उठवायचा, "उठ, फिनलंडला बोललो, मायनस वीस आहे तिथं." मला आठला बँकेसाठी निघायचं असायचं. मी चिडायचे आणि मग अंधारात विचारायचे, तो काय करतो हो? कोण? तो फिनलंडचा. मग तो सांगायचा, निवृत्त आहे, रेल्वेत होता, मासे धरतो. आणि डब्यावर चिठ्ठी ठेवून झोपायला जायचा: "आज पोळ्या छान झाल्यात, मी तीन खाल्ल्या. ८८." हॅम लोकांच्यात ७३ म्हणजे शुभेच्छा, कुणालाही देतात, आणि ८८ म्हणजे प्रेम. बायकोला ते एक्सवायएल म्हणतात. मुलगी म्हणजे यंग लेडी, वायएल, आणि लग्न झालं की एक्स यंग लेडी. तेव्हा हे ऐकून मी आठवडाभर बोलले नव्हते.

मग टीव्ही एलसीडी झाले, ह्याचं दुरुस्तीचं काम आटलं. ह्यानं काय केलं, तर जुन्या बाजारातनं मेलेले रेडिओ आणायला लागला. अकरा होते, मग एकोणीस, मी सोडून आले तेव्हा सदतीस. लोक दुरुस्तीला द्यायचे तेही, पण सेट आवडला की हा पैसेच घेत नसे, म्हणायचा एवढा चांगला सेट हाताळायला मिळाला हेच खूप झालं. मी क्लार्क, सहकारी बँकेत, पगार तो काय. २०१५ ला मुलाच्या फीचे बावीस हजार पाकिटात घालून कपाटात ठेवलेले, ते गेले आणि एक सेकंडहँड ट्रान्सीव्हर, म्हणजे बोलायचा-ऐकायचा सेट, आला. विचारलं तर लपवलंपण नाही. "फी जूनपर्यंत चालते की. हा परत मिळाला नसता."

आणि त्याच वर्षी ती संध्याकाळ. मी बँकेतनं आले तर घरात अंधार. बिल भरायला त्याच्याकडं दिलं होतं, ते त्याच्या लॉगबुकात खूण म्हणून सापडलं नंतर, तीन महिन्यांचं. वायरमन दुपारी कनेक्शन तोडून गेलेला. आत्या ओट्यावर मेणबत्ती लावून भात बघत होत्या, पोरगं मेणबत्तीशेजारी मराठीचं शुद्धलेखन लिहीत होतं, नाक पार वहीला टेकलेलं. आणि माळ्यावरनं आवाज येत होता, अगदी खुशीतला, सीक्यू सीक्यू सीक्यू, म्हणजे कुणी आहे का ऐकायला, अशी हॅम लोकांची हाक. त्याचा सेट गाडीच्या बॅटरीवर चालतो. लाईट गेल्याचं त्याला माहीतच नव्हतं.

मी वर गेले नाही. पोराच्या शेजारी बसले आणि त्याला म्हटलं "ऱ्हस्व वेलांटी आहे तिथं, दीर्घ नाही." मला वाटतं निर्णय तिथंच झाला, बाकीचं सगळं नंतर कागदावर आलं.

जून २०१६ ला विश्रामबागेत भाड्यानं वन बीएचके घेतला. पहिली खरेदी घड्याळ. दुकानदारानं वेळ लावून देऊ का विचारलं तर मी उगाच मोठ्यानं हो म्हटलं.

आता ज्यांना ह्यातनं जायचंय त्यांच्यासाठी सांगते, कायद्याच्या बाजूनं परस्पर संमतीचा घटस्फोट फार अवघड नसतो. हिंदू विवाह कायदा, कलम १३ ब. वर्षभर वेगळं राहिलेलं पाहिजे, दोघांनी मिळून अर्ज करायचा, प्रतिज्ञापत्र, वकालतनामा, लग्नाचा पुरावा, फोटो, मुलाचा ताबा आणि पैशाचं काय ठरलं ते लिहून द्यायचं. मग सहा महिने थांबायचं, विचार बदलतोय का बघायला, आणि परत दोघांनी जाऊन सांगायचं की नाही, ठाम आहोत. अवघड काय असतं तर कारण. वकीलसाहेबांनी पहिल्याच दिवशी विचारलं, मारहाण? नाही. दारू? चहापण अर्धा कप. बाहेर काही? मी म्हटलं फिनलंडला एक जण आहे पण तो सत्तर वर्षांचा आहे. ते हसले नाहीत. "मग त्रास काय आहे ताई?" हा प्रश्न मला आईनं विचारला, बँकेतल्या बायकांनी विचारला, आत्यांनी मात्र नाही. आत्या म्हणाल्या, "तू जा. मी त्याची आई आहे, मला जाता येत नाही."

भावानं सहा महिने बोलणं टाकलं माझ्याशी. दाजींना सोडलं म्हणून.

समुपदेशनाला बसलो तेव्हा त्या बाईंनी दोघांना वेगवेगळं बोलावलं. मला विचारलं, तुमचं ह्यांच्यावर प्रेम आहे का? खरं सांगायचं असतं ना तिथं, म्हणून मी हो म्हटलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. "मग घटस्फोट कशाला घेताय?" मी म्हटलं, मला लाईट बिल वेळेवर भरायचंय. मला रात्री दहाला झोपायचंय. एखादी वस्तू जिथं ठेवली तिथं संध्याकाळी सापडावी, आणि पाहुणे आले तर त्यांना बसायला खुर्ची असावी, खुर्चीवर रेडिओ नसावा. बोलता बोलता मला लाज वाटायला लागली, इतक्या बारक्या बारक्या गोष्टींसाठी कोण मोडतं हो संसार. बाईंनी पाणी दिलं. त्याला आत बोलावलं तेव्हा तो काय म्हणाला ते मला वर्षानं कळलं, त्यानंच सांगितलं. बाईंनी विचारलं होतं तुम्ही थोडे बदलाल का. हा म्हणाला, "बदलीन म्हणून मी तिला चारदा सांगितलंय, पाचव्यांदा खोटं बोलायचं नाही."

जानेवारी २०१८ ला अर्ज घातला. अर्जदार नंबर एक मी, नंबर दोन तो. तारखेला दोघं एकाच एम-८० वर गेलो कारण माझी स्कूटी पंक्चर होती, वकील गेटवर बघून म्हणाले निदान आत येताना वेगळे या. सहा महिन्यांची अट माफ होऊ शकत होती, आदल्या वर्षीच सुप्रीम कोर्टाचा निकाल आलेला, अर्जाआधी दीड वर्षापेक्षा जास्त वेगळे राहिला असाल आणि बाकी सगळं मिटलेलं असेल तर कोर्ट सूट देऊ शकतं, आमचे तर एकोणीस महिने झालेले. वकील म्हणाले अर्ज देऊ का माफीचा? मी त्याच्याकडं बघितलं, त्यानं माझ्याकडं. "असूद्या की, सहा महिने," तो म्हणाला. मीपण म्हटलं असूद्या. ते सहा महिने आम्ही काय विचार केला? काही नाही. दर रविवारी तो मुलाला न्यायला यायचा आणि मी थालीपीठ लावायचे.

जुलैत परत तारीख. पुकारा झाला, आत गेलो, साहेबांनी विचारलं दबावाखाली नाही ना, दोघांनी नाही म्हटलं, पुरसिसवर, म्हणजे कोर्टात द्यायच्या लेखी निवेदनावर, सह्या झालेल्याच होत्या. पाच मिनिटंपण लागली नाहीत. लग्नाला तीन दिवस लागले होते, देवक बसवण्यापासनं. बाहेर येऊन टपरीवर चहा घेतला, एकात दोन. पैसे कुणी द्यायचे ह्यावर जरा थांबलो दोघं, मग मी दिले. संध्याकाळी मेसेज आला.

"घरी पोचलो. पाऊस आहे तिकडं? छत्री माझ्याकडं राहिली. ७३."

८८ नाही. तो ह्या बाबतीत फार काटेकोर आहे, चुकून लिहिणारा नव्हे. मी कुकरच्या तीन शिट्ट्या होऊन गेल्या तरी तिथंच उभी होते.

एक गंमत सांगते. लग्नात मी अहो-जाहो करायचे, डिक्री झाल्यावर कधी अरे-तुरेवर आले कळलंच नाही.

पुढच्याच वर्षी, ऑगस्ट २०१९ ला, महापूर. सांगलीकरांना पावसात एकच प्रश्न असतो, आयर्विनला किती? म्हणजे कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी किती फुटांवर. पंचेचाळीसला धोका. २००५ ला त्रेपन्नच्या वर गेलेलं, त्याची ऑईलपेंटची खूण वाड्याच्या भिंतीवर होती, आणि सगळे म्हणायचे त्याच्यावर नाही जाणार. ह्या वेळी सत्तावन्नच्याही वर गेलं. आमच्या विश्रामबागेच्या बाजूला पाणी नव्हतं पण लाईट नाही, नेट नाही, दूध नाही, पुण्याकडचा-कोल्हापूरकडचा हायवे बंद. आत्यांना मी पाणी पन्नासच्या आतच असताना रिक्षानं आणून घेतलं होतं, हा आला नाही. सेट वर घ्यायचेत म्हणाला. सदतीस सेट! मग फोन लागेना. तीन दिवस. आत्या जपमाळ ओढत होत्या आणि मी, घटस्फोट घेतलेली बाई, गॅलरीत उभी राहून बोटीतनं आलेल्या अनोळखी माणसांना विचारत होते, गावभागातनं आलात का, माळ्यावर एक माणूस बघितला का, चष्मा, दाढी वाढलेली.

चौथ्या दिवशी आला. कमरेपर्यंत चिखल. बोटवाल्यांनी एकच पिशवी घेऊ दिली. मला वाटलं कपडे असतील. पिशवीत ट्रान्सीव्हर, टॉवेलात गुंडाळलेला व्हॉल्व्हचा डबा, प्लास्टिकमध्ये सीलबंद लॉगबुकं आणि अल्बम, आणि सगळ्यात खाली आमच्या मुलाची पहिलीपासूनची प्रगतिपुस्तकं. ती माझ्याकडं असायला हवी होती, मी आणायची विसरले होते. मी दारातच त्याला शिव्या घातल्या, आत्यांच्या देखत, मग पाणी तापवलं चुलीसारख्या लावलेल्या विटांवर कारण गॅसपण संपत आलेला.

तो माझ्याकडं अकरा दिवस होता. काय सांगू त्या अकरा दिवसांचं. पहिले तीन-चार दिवस मला अगदी स्वच्छ वाटत होतं की मी मूर्खपणा केला, हे असंच पाहिजे मला, रात्री मेणबत्ती लावून आत्या गोष्टी सांगतायत, पोरगं बापाच्या पोटावर डोकं ठेवून झोपलंय, आणि गाडीच्या बॅटरीवर ह्यानं आख्ख्या बिल्डिंगचे मोबाईल चार्ज करून दिले, खालच्या मजल्यावरच्या काकू ज्या माझ्याशी दोन वर्षं नीट बोलत नव्हत्या त्या वाटीभर आमटी घेऊन आल्या. पाचव्या दिवशी गॅलरीतली कपड्यांची दोरी गायब. त्या जागी तार. सातव्या दिवशी पहाटे साडेतीनला खांद्याला हात लागला, "उठ की, बघ कोण लागलाय." लाईट आले तेव्हा मी आधी भिंतीकडं बघितलं. घड्याळ अजून माझ्याच वेळेवर होतं, पण खाली स्टूल ठेवलेलं होतं.

अकराव्या दिवशी मी त्याला म्हटलं, आता जा. कोर्टात साहेबांपुढं म्हणताना जीभ अडखळली नव्हती, इथं पोळपाट हातात धरून म्हणताना अडखळली. वाड्यात अजून गाळ होता घोटाभर, भिंती ओल्या, मी त्याला असल्या घरात धाडत होते. तो म्हणाला, "गाळ काढायला खोरं आहे का तुझ्याकडं?" नव्हतं. शेजारनं मागून दिलं. मग मी, भाऊ, मुलगा, आम्ही सगळेच गेलो गाळ काढायला, आठवडाभर जात होतो बँकेतनं सुटल्यावर, पण मुक्कामाला माझी मी माझ्या घरी आले.

त्यानंतर आमचं बरं बसलं, सांगते. ३१ जानेवारी २०२० ला बीबीसी हिंदीचं शॉर्टवेव्ह बंद झालं त्या दिवशी तो शेवटचा कार्यक्रम ऐकायला माझ्याकडं आला, एकट्यानं ऐकवणार नाही म्हणून, आणि जेवला नाही. आणि एकदा डिसेंबरात अंतराळ स्थानकावरनं फोटो पाठवणार होते, रेडिओवर, कुणीही पकडावेत असे. त्यानं शिंप्याची नव्हे, सुताराची स्टीलची मेजरिंग टेप कापून पाईपावर अँटेना केली, मुलाच्या हातात दिली, आणि आम्ही आमच्या बिल्डिंगच्या टेरेसवर. स्थानक आपल्या डोक्यावरनं जायला आठ-दहा मिनिटं घेतं, तेवढाच वेळ. १४५.८०० मेगाहर्ट्झ. सेटमधनं कर्र कर्र चुई चुई आवाज, आणि मोबाईलच्या स्क्रीनवर वरनं खाली एकेक रेघ. एक फोटो यायला दोन मिनिटं. अर्धा आला, मध्ये हिरवट पट्टा, मग परत आला. मुलगा श्वास धरून हात फिरवत होता आकाशात आणि हा त्याच्या मागं उभा, "डावीकडं, हळू, हळू, बास, धर." मी स्वेटर घेऊन उभी. मला दुसऱ्या दिवशी मार्च एंडिंगचा नाही पण असलाच काहीतरी रिपोर्ट द्यायचा होता आणि मी मनात तेच घोकत होते, म्हणजे बघा.

मिरजवाले मला पुनर्विवाहाच्या मेळाव्यात भेटले. ते रुमालाला इस्त्री करतात. बिलं आली की त्याच संध्याकाळी भरतात आणि पावती पंच करून फाईलला लावतात, आणि मला ते बघताना जे वाटतं ना ते इथं लिहिलं तर तुम्ही हसाल. तिसऱ्या भेटीत मी त्यांना सांगून टाकलं, हॉटेलात, मेनूकार्ड हातात असताना, की माझं पहिल्या नवऱ्यावर प्रेम आहे, अजून आहे, जाईल असं वाटत नाही. त्यांनी चष्मा काढला. "म्हणजे परत जाणार आहात का?" मी म्हटलं नाही. "मग ठीक आहे," म्हणाले, चष्मा घातला, "मी मसाला डोसा सांगतो." थोड्या वेळानं, डोसा अर्धा झाल्यावर, म्हणाले, "माझ्या बायकोचं चप्पल अजून आहे दाराशी."

तर आता स्पेशल मॅरेज ॲक्टखाली नोटीस दिलीय, बोर्डावर लागलीय, तीस दिवस थांबायचं, कुणाची हरकत नाही आली तर लग्न. तीन साक्षीदार लागतात. त्यांच्याकडनं त्यांची बहीण आणि ऑफिसातले एक जण. आमच्याकडनं भाऊ येणार होता, तो म्हणतो, "ताई, तू कर लग्न, मी जेवायला येतो, पण दाजी असताना मला सही करायला लावू नकोस." चाळिशीला आलाय आणि डोळ्यात पाणी.

हे रविवारी बोलणं चाललेलं तेव्हा तो मुलाला सोडायला आलेला, दारातच उभा होता. "मी करतो की सही," म्हणाला. "साक्षीदारच पाहिजे ना? मी सगळं बघितलंय."

मला हसावं का त्याला हाकलावं कळेना. मुलगा आतनं म्हणाला, लॉजिकल आहे. रात्री मिरजवाल्यांना फोनवर चाचरत सांगितलं, बराच वेळ काही आवाज नाही, मला वाटलं गेलं आता हे लग्न. मग म्हणाले, "त्यांच्या आधार कार्डावर पत्ता बरोबर आहे ना? नाहीतर ऐनवेळी घोळ होतो."

तारीख ठरली, वेळ साडेअकराची मिळाली. त्याला कळवलं. उत्तर आलं: "०६०० यूटीसी. बरोब्बर सहा. छान वेळ आहे. येतो. ७३."

मी तो मेसेज तसाच मिरजवाल्यांना फॉरवर्ड केला. दोन मिनिटांत त्यांचं आलं: "सहाला ऑफिस बंद असतं. त्यांना साडेअकरा म्हणून नीट सांगा."